चार सेकंदांचा हात

कंपनीला पंचवीस वर्षं झाली म्हणून कँटीनच्या भिंतीवर जो मोठा फोटो लावला होता, त्यात कस्तुराचा डावा हात एका झाडाच्या पानावर ठेवलेला होता. पोह्यांची प्लेट घेऊन ती रांगेतून बाहेर पडली, सवयीनं वर बघितलं आणि तिथंच थबकली. 'पहिली महिला बॅच, २००८'. निळे एप्रन घातलेल्या बायका, मागं पत्र्याची शेड, तिच्याही मागं तेव्हा चाकणला उरलेलं थोडंसं ज्वारीचं रान. एका टोकाला ती स्वतः, एकतीस वर्षांची, बारीक, वेणी पुढं घेतलेली, फोटोवाल्यावर उगाच रुसल्यासारखी. आणि तिचा हात बाजूला, खांद्याच्या उंचीवर, अधांतरी लांबवलेला, त्याखाली कुंडीतली हिरवीगार शोभेची पाम. असं कुणी उभं राहतं का? झाडाला कुणी असं धरतं का? मागून दुर्गाबाई आली, चहाचा पेला फुंकत म्हणाली, "काय गं, झाडाला शपथ घालत व्हतीस व्हय?" आणि स्वतःच्याच विनोदाला हसता हसता तिचं हसू मध्येच अडकलं. तिनं फोटो नीट बघितला. बायका मोजल्या. नऊ होत्या त्या आठ भरल्या. "भिमा व्हती न्हवं तिथं?" ती हळूच म्हणाली, इकडंतिकडं बघितलं, आणि चहा न पिताच निघून गेली.

त्या दिवशी कस्तुरानं क्वालिटीच्या टेबलावर किती नग तपासले कुणास ठाऊक. हात मापाच्या गेजवर जात होते, ओके आणि रिजेक्टचे ट्रे भरत होते, पण डाव्या तळव्याला सारखं काहीतरी गुळगुळीत लागत होतं, पानासारखं. खरं तर तिथं खांदा होता. हाडं वर आलेला, मे महिन्याच्या घामानं एप्रनमधून ओला लागणारा भिमाबाईचा खांदा. फोटोवाला म्हणाला होता, जवळ या, जवळ या, तुम्ही काय बस स्टॉपवर उभ्या आहात का. तेव्हा भिमाबाई पुटपुटली होती, "बस स्टॉपवर तरी बसायला बाकडं असतं मेल्या." त्या हसण्याचा थोडासा भाग कस्तुराच्या फोटोतल्या ओठांवर अजून होता, म्हणजे ती रुसलेली नव्हती, हसू दाबत होती. आता ते कुणाला कळणार? ज्यानं कुणी कॉम्प्युटरवर बसून भिमाबाई पुसली, त्याला तिच्या खांद्यावरचा हात पुसायचा कंटाळा आला असावा, किंवा हात कापला तर कस्तुरा थोटी दिसेल अशी दया आली असावी. त्या शब्दाशी ती दचकली. क्वालिटीच्या खोलीत एसी होता आणि तिच्या मानेवर घाम आला होता.

चार वर्षांपूर्वी त्या दोघी पत्रा ठोकणाऱ्या शेजारशेजारच्या प्रेसवर होत्या. प्रेसला दोन बटणं असतात, एकेका हातासाठी एकेक, आणि दोन्ही एकदम दाबल्याशिवाय वरचा ठोकळा खाली येत नाही. म्हणजे ठोकळा येतो तेव्हा माणसाचे दोन्ही हात बटणांवर, जागच्या जागी. एवढीशी साधी युक्ती, पण कुणा शहाण्या माणसानं कधीतरी बोटांचा विचार करून काढलेली. ऑर्डरची घाई आली की सुपरवायझर खाकी टेपचा रोल घेऊन फिरायचा आणि एकेक बटण दाबून त्यावर टेप गुंडाळायचा. मग एक हात मोकळा. एका हातानं माल आत सरकवायचा, दुसऱ्यानं ठोका. तासाला शंभरच्या जागी दीडशे नग. कस्तुराच्याही प्रेसवर टेप होता. आणि खोटं कशाला, तिला तो आवडायचा; लवकर आकडा पुरा व्हायचा, पाणी प्यायला वेळ मिळायचा. त्या दिवशी भिमाबाईचा उजवा हात आत होता आणि ठोकळा खाली आला. किंकाळी वगैरे काही आली नाही. भिमाबाई फक्त "अगं" म्हणाली, एखादी गोष्ट विसरली असावी तसं. तिला गाडीत घालून नेलं, आणि सुपरवायझर कस्तुराजवळ येऊन कानाशी म्हणाला, "साहेब यायच्या आत तिच्या बटणाचा टेप काढ." तिनं काढला. नखांनी खरवडून, गोंदाचा चिकटा ओढणीला पुसून काढला. संध्याकाळी चौकशीत तिनं लिहून दिलं की सदर कामगार महिलेनं घाईघाईत, स्वतःच्या निष्काळजीपणानं हात आत घातला. 'सदर' हा शब्द तिला सांगितलेला होता. बाकीचं अक्षर तिचं.

महिन्याभरात तिला प्रेसवरून उचलून क्वालिटीत बसवलं. कुणी काही बोललं नाही, बक्षीस म्हणून तर मुळीच नाही. वर एचआरचे ज्ञानेश सर म्हणाले, ताई, तुमचा आवाज फार स्वच्छ आहे, सुरक्षिततेच्या सूचना तुमच्याच आवाजात करू. ज्ञानेश सर तिच्या लेकीपेक्षा, वर्षालीपेक्षा, चारपाच वर्षांनीच मोठे, नेहमी 'ताई' म्हणायचे, आणि नाही म्हणावं असा त्यांचा चेहरा नव्हता. तेव्हापासून रोज तिन्ही शिफ्टच्या सुरुवातीला आणि जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या कोपऱ्यातल्या कर्ण्यातून तिचाच आवाज यायचा: घाई करू नका, अपघात बेपर्वाईनं होतात, यंत्र कधी चूक करत नाही. चार वर्षं ती स्वतःचंच हे ऐकत पोळी खात होती. माणसाला काहीही गिळता येतं.

सूचना ती घरीच रेकॉर्ड करायची, दिघीला, वर्षाली माणला नोकरीला गेली तेव्हा मागं टाकून गेलेल्या लॅपटॉपवर. त्यात कुठलंसं फुकटचं सॉफ्टवेअर होतं. शिकवायला कोणी नव्हतं. पहिल्या आठवड्यात तिनं तीनदा सगळं पुसलं, एकदा आवाज उलटा केला आणि नवरा साहेबराव जेवता जेवता म्हणाला, "हे कुठल्या देशातलं बोलतीयस?" पण मग हळूहळू जमायला लागलं. पंख्याची घरघर कशी काढायची, लष्कराच्या हद्दीतून मधूनच येणारा धडाम कसा कापायचा. असंच एकदा कुठलंसं बटण चुकून दाबलं गेलं आणि पडद्यावर आवाज दिसायला लागला. आडवा वेळ, उभी पट्टी. जाड आवाज खाली, बारीक आवाज वर. तिचा 'स' म्हणजे वरच्या अंगाला उडालेला पिठाचा भुरका, पंखा म्हणजे तळाशी ओढलेली एक सरळ रेघ, आणि साहेबरावांची शिंक, ती तर थेट उभा खांब. कस्तुरा कितीतरी वेळ बघत बसली होती. सातवीनंतर शाळा सुटली तेव्हा बीजगणिताचं पुस्तक तिनं परत दिलं होतं, पण आईनं शिकवलेलं क्रॉस-स्टिच सुटलं नव्हतं. आणि हे तेच होतं. चौकोनच चौकोन. एक चौकोन म्हणजे एक सूर, एवढाच वेळ. भरला तर टाका, सोडला तर कापड. चोवीस ओळी घेतल्या, प्रत्येक ओळीला एकेक सूर दिला आणि हवा तिथं ठेवून नको तिथं गप्प केला, तर आवाजात चित्र काढता येतं. तिनं पहिल्यांदा मोर काढला होता. ऐकायला तो गंजलेल्या बिजागरीसारखा, पण दिसायला मोर. ही गंमत तिनं कुणालाच सांगितली नाही. आपल्याला असं काही येतं याची तिला थोडी लाजच वाटायची, आणि लाजेपेक्षा जास्त माज.

फोटो लागला त्याच आठवड्यात ज्ञानेश सरांनी तिला नवा मजकूर दिला. 'पंचवीस वर्षांचा विश्वास, आपण सारे एक कुटुंब.' सोहळ्याच्या पंधरवड्यात तो रोज वाजणार होता. कागद हातात घेतला तेव्हाच तिच्या मनात ते आलं, आणि आल्यावर ते जाईना. फोटोतून काढली ना? मग आवाजात घालते. तुमच्या गेटवर माझ्या मोबाइलच्या कॅमेऱ्याला रोज स्टिकर लावता, आतलं काही बाहेर जाऊ नये म्हणून. बरंय, कॅमेरा आंधळा करा. मोबाइलला कानही असतो. सुट्टीच्या दिवशी स्वयंपाक उरकून ती ओट्याशीच लॅपटॉप घेऊन बसली आणि दुपारपर्यंत भिमाबाईचा चेहरा काढला. झाला तो भोपळा. कुंकू नसलेला, डोळे असलेला भोपळा. तिनं मान वाकडी करून बघितलं, दुरून बघितलं, चष्मा काढून बघितलं. भोपळाच. तेव्हा तिला कळलं की चार वर्षांत तिनं तो चेहरा बघितलेलाच नव्हता. भिमाबाई दिघीतच राहायची, दोन गल्ल्या सोडून, दिराच्या गिरणीत बसायची, आणि कस्तुरा दळण दुसरीकडून, पार चौकापलीकडून आणायची. साहेबरावांना ती सांगायची, तिकडचं पीठ बारीक असतं.

लॅपटॉप पिशवीत घालून ती गेली तेव्हा गिरणी चालू होती. भिमाबाई डब्यांवर खडूनं नावं टाकत होती, डाव्या हातानं. बघितलं, ओळखलं, आणि आधी गिरणी बंद केली. पट्टा थांबल्यावर मगच तिनं तोंड उघडलं.

"चार वर्षांनी रस्ता सापडला का तुला?"

"सापडलेलाच होता ताई. पाय येत नव्हते."

"मग आज काय, रिक्षानं आलीस?" भिमाबाईनं स्टूल पुढं सरकवलं. कस्तुरानं फोटोचं सांगितलं, कुंडीचं सांगितलं. भिमाबाई हसलीच. "कसलं झाड गं? निदान तुळस तरी लावायची, लोकं पाया तरी पडली असती." मग लॅपटॉप उघडून कस्तुरानं चित्र दाखवलं. भिमाबाईनं पीठ लागलेली भुवई वर केली. "हे मी? आगं, हिला तर कुणी सांबारात घालंल." जरा वेळ बघून मग ती एकदम साध्या आवाजात म्हणाली, "तोंड कशाला काढतीस कस्तुरे? निम्मी माणसं तिथं नवीन आलीत, माझं तोंड त्यांनी कुठं बघितलंय. पण हात सगळ्यांना ठाऊक आहे. नव्या पोरींना सांगतात ना अजून, ती बघा, दोन बोटं गेलेली, तिच्यासारखं करू नका? तो हात काढ."

आलेखाची वही पिशवीत होती. भिमाबाईनं उजवा पंजा चौकोनांवर पालथा ठेवला. कस्तुरानं पेन्सिल करंगळीच्या बाजूनं लावली आणि फिरवायला सुरुवात केली, शाळेतली पोरं फिरवतात तशी. करंगळी, अनामिका. आणि मग पेन्सिलीला वर जायला काही नव्हतं. मधलं बोट आणि शेजारचं, दोन्ही मुळाच्या पेरापाशीच संपत होती, टोकाची कातडी नव्या बटाट्यासारखी ताणलेली, गुळगुळीत. पेन्सिल तिथं आली तेव्हा भिमाबाई म्हणाली, "टेप तू काढलास ना गं?"

बाहेर एक मोटारसायकल गेली. कस्तुरानं वर बघितलं नाही.

"हो."

"आणि लिहून दिलंस."

"हो."

"हं." पंजा हलला नाही. "चालू दे पेन्सिल. अंगठा राहिलाय."

घरी येऊन तिनं हात भरला. चाळीस चौकोन रुंद, चोवीस उंच, चार सेकंदांचा. आणि नीट लपवला. इतका बारीक सूर की अठ्ठेचाळीस वर्षांच्या कानाला तो येतच नाही. तिनं हेडफोन लावून ऐकलं, तर शेवटच्या 'कुटुंब' नंतर चार सेकंद निव्वळ शांतता, आणि पडद्यावर त्या शांततेत उभा पंजा. तिला ते फार देखणं वाटलं. कुणाला कळणार नाही, आणि असेल. शनिवारी कँटीनमध्ये पहिल्यांदा वाजलं तेव्हा तिनं मोबाइलवर आवाज दाखवणारं ॲप लावून तो डाळीच्या वाटीशेजारी ठेवला. तिचे शब्द आले, भुरके उडाले, खाली भांड्यांचा गोंगाट. मग चार सेकंद वरचा भाग काळाच्या काळा. काही नाही. भिंतीवरचा कर्णा तो; त्या उंचीचा सूर त्याच्या गळ्यातून निघतच नव्हता. तिनं ज्या कानांपासून हात लपवला होता, त्यांच्या आधी कर्ण्यानंच तो गिळला. आणि त्या क्षणी कस्तुराला जे वाटलं ते तिला नंतर कितीतरी दिवस कुणाला सांगता आलं नसतं. सुटल्यासारखं वाटलं. हायसं. आपण केलं, आपल्या हातून झालं, आणि नोकरी शाबूत. तिनं डाळ भुरकली. ती गार होती. सुटल्याची ती चव जिभेवर ओळखीची लागली, आणि कुठली ते आठवलं तेव्हा घास तोंडातच फिरायला लागला. त्या संध्याकाळी चौकशीचा कागद देऊन बाहेर आल्यावर, कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसल्यावर, अगदी हीच चव होती.

म्हणजे लपवून हे होणार नव्हतं. कर्ण्यातून जायचं तर कर्ण्याच्या पट्टीत उतरायला हवं होतं, जिथं माणसं बोलतात, भांडतात, एकमेकींना हाका मारतात. आणि तिथं उतरलं की ते ऐकू येणार, प्रत्येकाला, साहेबांनासुद्धा. रविवारी शिफ्ट करून आल्यावर ती दुपारी तीनला बसली ती पाचला उठली. साहेबराव चहा घेऊन आले, मागं उभं राहून ऐकलं. "हे काय, पातेलं घासतंय का कुणी?"

"भिमाताईचा हात आहे."

साहेबरावांनी चहा खाली ठेवला. भोसरीच्या वर्कशॉपात त्यांनी तीस वर्षं लेथ चालवला होता, त्यांच्या स्वतःच्याही अंगठ्याचं एक टोक नव्हतं. "कर्णा चांगला लावलेला आहे ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

सोमवारी तिनं ज्ञानेश सरांना सांगितलं, एक शब्द चुकला होता, नवीन फाइल घ्या. जेवणाच्या सुट्टीत कँटीन भरलेलं असताना तिचा आवाज आला, विश्वास, कुटुंब, आणि मग ते आलं. पत्र्यावरून कुणी चाळणी फरफटवावी तसं, कर्कश, दातात जाणारं. आधी चढत गेलं, वर पोचलं, एकदा थरारून पुन्हा वर पोचलं, आणि मग वरचं सगळं एकाएकी तुटलं. नुसतं खालचं जाडं गुरगुरत राहिलं, जिथं बोटं नव्हती तेवढा वेळ. मग अंगठा. मग संपलं. बायकांनी कान झाकले. "कस्तुराबाई, घसा बसला का गं?" कुणीतरी ओरडलं. कस्तुरानं ताट बाजूला सारलं. टेबलाच्या मधोमध तिचा मोबाइल होता, कॅमेऱ्यावर गेटचं लाल स्टिकर, आणि पडद्यावर, भांड्यांच्या गोंगाटाच्या धुक्यातून वर आलेला, कडा विरलेला, पण कुणालाही कळावा असा तीन बोटांचा पंजा. दुर्गाबाईनं तो बघितला. घास खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि मोबाइल उचलून शेजारणीकडं दिला. तो टेबलावरून टेबलावर गेला. सगळ्यात शेवटी, प्रेसवरच्या नव्या पोरींच्या टेबलावरून, एकीनं मोठ्यांदा विचारलं, "पण दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय ठोकळा येतच नाही, तर त्यांचा हा हात आत कसा गेला?" चार वर्षांत हा प्रश्न कंपनीत कुणी विचारला नव्हता, आणि तो इतका सोपा होता.

बुधवारपर्यंत निम्म्या बायकांच्या मोबाइलवर ते ॲप होतं, आणि गुरगुर सुरू झाली की टेबलाटेबलावर मोबाइल पालथे-उताणे होत होते. दुपारी ज्ञानेश सरांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर सोहळ्याच्या आमंत्रणाचा गठ्ठा होता.

"ताई, शेवटी तो आवाज कसला आहे?"

"हात आहे सर."

"माझ्याशी असं बोलू नका. मी तुम्हाला कायम रिस्पेक्ट दिलाय." ते खरंच दुखावलेले दिसले. "भिमाबाईंची केस कोर्टात आहे. लीगलनं सांगितलं म्हणून फोटोत तो बदल केला. एवढंच. त्यात पर्सनल काही नाही."

"फोटोला लीगलला विचारलं. टेप लावताना कुणाला विचारलं होतं?"

"कसला टेप?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. ते तेव्हा नवीन होते. त्यांना तिच्या हातचा कागद मिळाला होता आणि तो त्यांनी फाइलला लावला होता. कस्तुराला एकदम त्यांची कीव आली आणि त्याच्याच पाठोपाठ स्वतःची शरम. या पोरसवद्या साहेबाला चार वर्षं खोटं ऐकवणारी बाई दुसरी कुणी नव्हती.

"मला माफी लिहून द्या," ते म्हणाले, "आणि स्वच्छ फाइल. सोहळ्यापर्यंत मी हे वर जाऊ देत नाही. माझा शब्द."

"कागद द्या."

तिनं उभ्यानंच लिहिलं. सदर हा शब्द घेतला नाही. दोन्ही प्रेसच्या बटणांवर टेप होता, तो सुपरवायझरनं लावला होता, अपघातानंतर त्यानं सांगितल्यावरून मी तो नखांनी काढला, त्या दिवशीचा माझा जबाब खोटा आहे, भिमाबाईनं घाई केलेली नव्हती. खाली नाव, टोकन नंबर, तारीख. ज्ञानेश सरांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि कागद टेबलावर असा ठेवला, जसा तो ओला असावा. "ताई, हे दिलंत तर खोटा जबाब दिला म्हणून तुमच्यावर येईल. कळतंय का? कंपनी तुम्हाला ठेवणार नाही."

"येऊ द्या की. माझंच आहे ते."

"मी हे घेऊ शकत नाही."

"मग आवक-जावकला देते." तिनं टेबलावरचा कागद उचलला आणि त्याची दुसरी प्रत लिहून काढली. खिडकीतल्या माणसानं कागदाकडं न बघताच दोन्हींवर शिक्का मारला आणि एक परत दिला. इतक्या वर्षांत त्यानं एकही कागद वाचला नव्हता, आणि आज त्याचे कुणीतरी आभार मानायला हवे होते. दुसऱ्या शिफ्टला कर्णा वाजलाच नाही. सूचना नाही, कुटुंब नाही. जाताना दुर्गाबाई म्हणाली, "बंद पाडलास बग भोंगा," आणि तिच्या पाठीत एक धपाटा घातला. तो पुढं बराच वेळ ऊबदार राहिला.

गिरणीत त्या संध्याकाळी गिऱ्हाईक नव्हतं. भिमाबाईनं शिक्का मारलेला कागद दोन्ही हातांनी धरून दिव्याकडं केला आणि ओठ हलवत, ओळीखाली अंगठा सरकवत वाचला. शेवटच्या ओळीपाशी अंगठा थांबला. ती ती ओळ परत वाचत होती, हे कस्तुराला दिसत होतं. मग तिनं नाक ओढलं, पीठ उडाल्यासारखं.

"घाई केलीच नव्हती मी," ती म्हणाली. "नेहमीसारखीच घालत होते."

"लिहिलंय मी तसं."

"वकील म्हणतील, कोर्टात येऊन बोलावं लागंल. उलट विचारतील. रडवतील तुला."

"गुरुवारची तारीख घ्यायला सांग. गुरुवारी मला सुट्टी असते."

भिमाबाईनं कागदाची घडी घातली आणि तिच्याकडं रोखून बघितलं. "आणि नोकरीच काढून घेतली तर गं?"

"मग कुठलाही वार चालेल."